निजोबाचा नववा अध्याय

निजवाडीचा देव झोपाळू आहे. हे कुणी टवाळीनं म्हणत नाही, उलट गावातलं शेंबडं पोरही ते अभिमानानं सांगतं. बाकीच्या गावांचे देव घोड्यावर बसतात, नाहीतर राक्षसाच्या छातीवर पाय देऊन उभे राहतात. निजवाडीचा निजोबा सागवानी पलंगावर कुशीवर पडलेला आहे. मुळात तो एक लांबट काळा दगड; पण उशाशी उशी, अंगावर घोंगडं, आणि घोंगड्यावर श्रद्धा घातली की दगडालाही पेंग आल्यासारखी दिसते. देवळात घंटा नाही, कारण झोपमोड नको. आरती कुजबुजत होते. श्रावणातल्या सप्ताहाला ती कुजबूज लाऊडस्पीकरवर लावतात आणि मग साऱ्या माळावर ऐकू जाते, त्यानं देवाची झोप मोडते की नाही हे विचारायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

अशा देवाची पोथीही तशीच. 'श्री निजोबा विजय', अध्याय अकरा. फार वर्षांपूर्वी देव झोपेत बरळला, जवळच मेंढरं बसवलेल्या एका मेंढक्यानं ते ऐकलं, पाठ केलं आणि पुढच्या पिढीला दिलं. पेशव्यांच्याही आधीची गोष्ट, असं गाव म्हणतं. छापली तेवढी अलीकडे, मल्हारच्या जन्माच्या आधी दोनेक वर्षं. छापून आली तेव्हाच गावाला आपला खरा धर्म कळला. कारण नवव्या अध्यायात देव स्वच्छ बरळला होता:

मी एकला निजेन पलंगी । तुम्ही निजावे भुईचे अंगी ।
खाटेवरी जो चढे उन्मत्त ढंगी । तयाची निद्रा हरीन ॥

झालं. त्या वर्षीच्या होळीत गावातल्या साऱ्या खाटा जळाल्या. तेव्हापासून निजवाडीत खाट नाही, बाज नाही, पलंग नाही. सरपंच भुईवर, मास्तर भुईवर, सासुरवाडीहून आलेला जावईही भुईवर. नव्या नवरीच्या रुखवतातला पलंग वेशीवरूनच परत जातो. एकानं मुंबईहून सोफा आणला तेव्हा देवस्थानच्या पंचांनी त्यावर लोळून बघितलं आणि बसायला परवानगी दिली. डोळा लागला तर मात्र दंड.

मल्हारला या साऱ्याचं कधी काही वाटलं नव्हतं. तो महाबळेश्वरला पर्यटकांची टॅक्सी चालवायचा. तिथं ड्रायव्हर लोकांच्या खोलीत लोखंडी पलंग होता, आणि वेशीबाहेर पोथी लागू होत नाही हे पंचांनीच ठरवून टाकलेलं होतं. पावसाळ्यात तिकडं आभाळ फाटलं की हॉटेलवाले ताडपत्र्या ओढून बसत, मल्हार गाडी घेऊन गावी येई आणि मुकाट भुईवर पडे. आपल्याच्यानं जे होतं त्याच्यावर माणूस विचार करत नाही, तसं त्याचं होतं.

विचार करायची पाळी आली ती आईमुळे. हरणाबाईचे गुडघे आयुष्यभर चुलीपुढं आणि मेंढरांमागं झिजले होते. यंदा उजवा पार गेला. मल्हारनं तिला मिरजेला नेलं, डॉक्टरांनी वाटी बदलली आणि जाताना बजावलं, "आजी, खाली बसायचं नाही. खाली झोपायचं तर नावच नको. खाटेवर झोपा, नाहीतर केलेलं सगळं वाया जाईल आणि पुन्हा टेबलावर यावं लागेल."

बसायला खुर्ची आली. संडासात कमोड बसला. पोथीत कमोडाचा उल्लेख नसल्यामुळे त्याला कुणाची हरकत नव्हती. गाडं अडलं ते खाटेवर.

मल्हार देवस्थानचे मुख्य पंच धुळाआण्णा यांच्याकडं गेला. आण्णा म्हणजे गावातला सगळ्यात ताठ कणा. सप्ताहात पोथी तेच वाचत आणि वर्षभर तिचा अर्थही तेच लावत.

"आण्णा, आईपुरती सूट द्या," मल्हार म्हणाला.

"मी देनारा कोन रं? द्येव बोललाय."

"झोपंत बोललाय आण्णा. झोपंतलं बोलनं मानसं बी मनावर घेत न्हाईत."

"मानसं घेत न्हाईत. गाव घेतं," आण्णा म्हणाले, आणि विषय संपवायला त्यांनी चहा मागवला. आतून चहा घेऊन त्यांची बायको मनुबाई आली, ती कमरेवर हात ठेवून, चौकटीला धरून. कप ठेवताना ती कण्हली. आण्णांना ऐकू गेलं नाही. त्यांना फक्त देवाचं ऐकू येत असे.

पंच परवडले, पण आईशी कोण बोलणार? मल्हारनं ठरवलं होतं की पंच गेले खड्ड्यात, सरळ खाट आणायची. हरणाबाईनं हात हलवला. "न्हाई."

"आगं डाक्टर काय म्हनला?"

"डाक्टरला त्याची पोथी, मला माझी. माझ्या एकटीसाठी पोथी मोडायची न्हाई."

असं म्हणून ती बाई दर रात्री भिंतीला धरून, तोंडातून अवाक्षर न काढता भुईला टेकायची. शेजारी तिची सून, मल्हारची बायको सोनिया, वाकळ टाकून निजे, सासू जरा हलली की उठे, बगलेत हात घालून तिला उभी करे. सकाळी सोनियाचीच पाठ धरलेली असायची. मल्हार हे रोज बघायचा.

मग त्यानं पळवाटा काढायला सुरुवात केली. आधी गाद्यांवर गाद्या रचल्या. पाय नाहीत तर खाट कशी म्हणणार? पंच येऊन बघून गेले आणि पाय नाहीत हे त्यांनी मान्य केलं. पण त्या चळतीवरून हरणाबाई अशी घरंगळली की सोनियानं मधे उडी घातली म्हणून वाचली. मग मल्हारनं आढ्याला झोळी बांधायचं काढलं. "मी काय तान्हं पोर हाय?" म्हणून हरणाबाईनं काठी उगारली. शेवटी त्यानं तिला टॅक्सीच्या मागच्या सीटवर झोपवलं. गाडी ही खाट नव्हे, यावर पंचांचं एकमत झालं. महिनाभर निजवाडीची ही म्हातारी टॅक्सीत झोपली, काचेतून चांदणं बघत, पर्यटकांनी सांडलेल्या चण्याफुटाण्यांवर. पण सीट आखूड, पाय दुमडलेला. पुन्हा मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर मल्हारवरच ओरडले. "श्रावण संपेपर्यंत हिची झोपायची नीट सोय नाही झाली तर दुसरं ऑपरेशन अटळ आहे, आणि या वयात मी खात्री देणार नाही."

मल्हार दवाखान्याच्या पायरीवर बसला. त्याला खरंच रडू येत होतं. आई पंचांना भीत नव्हती, गावाला भीत नव्हती. ती पोथीला बांधलेली होती. म्हणजे पोथीच खोटी पाडली पाहिजे. ती देवाची नाही, कुणा टिकोजीराव माणसानं लिहिलेली आहे, एवढं सिद्ध झालं की संपलं. त्याला आठवलं, पोथीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता आहे: माधवनगर. मिरजेहून माधवनगर ते काय लांब. त्यानं आईला तिथल्याच थोरल्या बहिणीकडं सोडलं, लेकीच्या दारात ती एकदोन रात्रींपेक्षा जास्त राहत नसे, आणि गाडी तिकडं घातली.

छापखाना कधीच बंद पडला होता, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकत होते. पण शेजारच्या पानवाल्यानं क्षणभरही विचार न करता सांगितलं, "पोथी व्हय? मग लालासाहेबाकडं जावा. मिलच्या चाळीत. हितं छापल्याली समदी पोथी त्यानंच लिवलीया."

लालासाहेब दारात खुर्ची टाकून, बनियनवर, पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. पूर्वी कापडाच्या मिलमध्ये कारकून, आता मिलही नाही आणि कारकुनीही. मल्हारनं निजवाडीचं नाव काढलं मात्र, म्हातारा खुलला.

"निजोबा! आरं लिवला की म्याच! तुमच्या गावाला द्येव हुता, पलंग हुता, जत्रा हुती. फकस्त गोष्ट नव्हती. पंच आलं, म्हनलं शेजारच्या गावाला पोथी हाय, आमाला बी पायजे. मिलला सुट्टी टाकून आलो अन् लिवून दिली."

"अन् तो मेंढका? झोपंत बरळलेलं ऐकनारा?"

"त्यो पयल्या अध्यायात लागतोयच की. कुनीतरी ऐकल्याबिगर पोथी हुती व्हय?"

मल्हारला आनंदानं नाचावंसं वाटलं. "पन मग तुमचं नाव का न्हाई तिच्यावर?"

"लिवनाऱ्याचं नाव घातलं की द्येव बारका हुतोय गड्या," लालासाहेब म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मग पुन्हा रंगात आले. त्यांनी बारा गावच्या पोथ्या लिहिल्या होत्या, आणि जिथं जे मिळालं ते त्या त्या देवाच्या तोंडी घातलं होतं. एका गावानं करपलेलं वांगं वाढलं. तिथं आजतागायत वांगं शिवत नाहीत. एका गावानं गरम जिलबी खिलवली. तिथल्या देवाला दर सोमवारी जिलबीचा नैवेद्य असतो, आणि लोक म्हणतात ही चाल फार प्राचीन.

"मग आमची खाट?" मल्हारनं विचारलं.

लालासाहेबांनी नकळत मान खाजवली. इतक्या वर्षांनी. "आरं बाबा, काय सांगू. मुक्कामाला एका घरी उतरलो. मानसं चांगली, जेवान चांगलं. अंगनात खाट टाकून दिली. अन् त्या खाटंत ढेकनं! ढेकनं म्हंजी अशी पैलवान, की एकएक उचलून तालमीत सोडावं. डोळ्याला डोळा न्हाई लागला. निम्म्या गावातनं घोरन्याचा आवाज येतोय अन् म्या चांदन्यात बसून खाजवतोय. असा संताप आला! म्हनलं, मला झोप न्हाई तर ह्या गावात खाटंवर कुनालाच न्हाई. सकाळी उठून नववा अध्याय लिवला."

तयाची निद्रा हरीन! मल्हार पोट धरून हसला. गावाचा सारा धर्म एका माणसाच्या खाजेवर उभा होता. हसता हसता त्यानं सहज विचारलं, "कुनाचं घर हुतं?"

"नाव न्हाई आठवत. दारात जोड कडुलिंब, मधी पानी प्यायची दगडी डोणी. नवी सून हुती घरात, हरनीवानी डोळं. तिनं गुळाचा च्या दिला."

मल्हारचं हसू जागच्या जागी थिजलं. जोड कडुलिंब आणि मधे दगडी डोणी निजवाडीत एकाच दारात होती, आणि त्या दारात त्याची टॅक्सी उभी राहत असे.

आता आली का पंचाईत! पोथी माणसानं लिहिली हे सांगायचं तर का लिहिली हेही आलं, आणि का लिहिली हे सांगायचं तर ढेकूण आपल्या घरचे हेही आलं. ते घर अशा बाईचं, जिच्या अंगणात गवताची काडी पडलेली कुणी पाहिली नव्हती. जी पाहुण्याच्या देखत चूल तीनदा सारवायची. भर सप्ताहात तिचं नाक कापायचं? पण नाक मोठं की गुडघा? मल्हारनं गुडघा धरला. नाकाला ऑपरेशन लागत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"आमच्या गावी येता का?" त्यानं विचारलं. "सप्ताहाची सांगता हाय. लोकांपुढं एवढं सांगा."

म्हाताऱ्यानं कोड्याचा पेपर घडी करून ठेवला. मग हळूच म्हणाला, "म्या माझी एक बी पोथी कुनी वाचताना ऐकली न्हाई बग. लिवून दिली की मिलमधी परत. चल. ऐकू तरी."

सांगतेच्या दिवशी देऊळ भरलं होतं. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, निजोबा मधे झोपलेला. बहिणीकडून परत आणलेल्या हरणाबाईला खांबाला टेकवून बसवलं होतं, ऑपरेशनचा पाय समोर लांब केलेला. देवळात खुर्चीवर बसणार नाही म्हणून हट्टानं. सोनिया तिच्या गुडघ्याखाली उशी धरून होती. मल्हारनं लालासाहेबांना पुढं बसवलं. आधी त्याला वाटलं, वाचन सुरू व्हायच्या आतच सांगून टाकावं. पण लालासाहेब म्हणाले, "ऐकू दे की रं. तेवढ्यासाठीच आलोय."

धुळाआण्णांनी पोथीला नमस्कार केला, माईक तोंडाशी धरला आणि कुजबुजत वाचायला सुरुवात केली. आण्णा माणूस हेकट, पण वाचत बेष्ट. पहिल्या अध्यायात मेंढका आला, रानात पाऊस आला, देव झोपेत हसला. सारं गाव ओव्यांची शेवटची ओळ आण्णांच्या बरोबरीनं पुटपुटत होतं; म्हाताऱ्या बायका, पोरं, मागं उभा असलेला ट्रॅक्टरवालाही. पाचव्या अध्यायात दुष्काळात मेंढरं मरतात आणि देव कूस बदलून त्या जागी झरा सोडतो, तिथं बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मल्हारनं शेजारी पाहिलं. लालासाहेब ढसाढसा रडत होते.

"काय झालं?" मल्हार कुजबुजला.

"लय भारी लिवलंय रं."

"तुमीच लिवलंय!"

लालासाहेबांनी मान हलवली. "न्हाई गड्या. हे माझं न्हाई. मला एवढं कुठलं येतंय? म्या लिवलं तवा हे एवढं नव्हतं."

मल्हारच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याच्या जिवावर उड्या मारायच्या तोच साक्षीदार आता देवाच्या बाजूला चालला होता. नववा अध्याय सुरू व्हायच्या बेतात होता. आता नाही तर कधीच नाही. मल्हार उठून उभा राहिला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, निजोबाच्या देवळात मोठ्यानं बोलला.

"थांबा आण्णा! ही पोथी ह्या बाबांनी लिवलीया. माधवनगरला. ह्यास्नी इचारा."

गाव दचकलं. चारपाच जणांनी आधी पलंगाकडं पाहिलं, देव जागा झाला की काय म्हणून. आण्णांनी चष्मा वर केला. "व्हय वो पाव्हनं?"

"हात माझा हुता," लालासाहेब डोळे पुसत म्हणाले. "एवढंच म्हनतो."

"बघा! हात ह्यांचा, वानी द्येवाची," आण्णांनी लगेच निकाल दिला. "द्येव काय सोता पेन धरनार हाय? मेंढक्याचा कान घेतला, ह्यांचा हात घेतला. मिटलं."

"आन् नववा अध्याय?" मल्हार पेटला. "बाबा, नववा का लिवला ते सांगा. ढेकनांचं सांगा!"

देवळात अशी शांतता झाली की माईकमधली खरखर ऐकू यायला लागली. लालासाहेबांनी खाली मान घालून कबूल केलं: होय, खाटेत ढेकूण होते, रात्रभर चावले, रागात लिहिलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं. पण आण्णा ते आण्णाच. "मग ढेकनं कुनी धाडली? द्येवानंच की," ते म्हणाले. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याच्या भीतीनं मल्हार वाटेत दोनदा गाडी थांबवून पाणी प्यायला होता. "पन ढेकनं हुती कुनाच्या घरात?"

साऱ्या गावाचे कान टवकारले. धर्माचा प्रश्न आता मागं पडला होता, आणि गावाला खरंखुरं काहीतरी कळणार होतं. लालासाहेबांनी डोळे बारीक करून बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि खांबाजवळ त्यांची नजर थांबली. मल्हारनं आईकडं पाहिलं. आईचे डोळे मिटलेले, मान खांबावर कललेली. तिला झोप लागली असावी असं वाटून त्याला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. जिनं त्याला वाढवलं तिचीच लक्तरं तो चव्हाट्यावर मांडायला निघाला होता. कशाला मी हे काढलं, असं त्याला मनापासून वाटलं.

लालासाहेबांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हरणाबाई बरळली.

आधी नुसतं घुमल्यासारखं झालं. मग, डोळे मिटलेलेच, खणखणीत आवाजात शब्द आले:

जिचे गुडघे झिजले चुलीपाशी । तिला खाट द्यावी खाशी ।
सूनही निजवावी उशाशी । गडी भुईशी बरे ॥

आणि ती बारीक घोरायला लागली.

निजवाडीत देव झोपेत बरळतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते फार पूर्वी, पोथीत. डोळ्यांदेखत कुणी ओवी बरळलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्यात आधी मनुबाई उठली, कमरेवर हात ठेवून, तिनं हरणाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. मग तिच्यामागं साऱ्या बाया. गडीमाणसांच्या बाजूला मात्र चुळबूळ सुरू झाली.

"ही काय पोथी न्हवं," आण्णा म्हणाले, पण आवाज जरा पडला होता. "ही हरनाबाई बोलली."

"तोंड हरनाबाईचं, वानी द्येवाची," मनुबाई वळून म्हणाली. "तुमीच म्हनला की आत्ता! मेंढक्याचा कान घेतला, पाव्हन्याचा हात घेतला. मग बाईचं तोंड घेतलं तर काय बिघडलं?"

आण्णांनी आधारासाठी लालासाहेबांकडं पाहिलं. कितीही झालं तरी तो जाणकार माणूस. लालासाहेबांनी ती ओवी बोटांवर मोजली, पुन्हा मोजली. "शेवटचा चरण जरा आखूड हाय," ते म्हणाले. "पन इतकी सरळ ओवी मला जल्मात जमली न्हाई. ही मानसाची न्हवं." आणि त्यांनी खांबाकडं हात जोडले.

त्या क्षणी, फक्त एकच क्षण, हरणाबाईचा डावा डोळा किलकिला झाला, समोर हात जोडून बसलेल्या म्हाताऱ्याला त्यानं नीट न्याहाळलं आणि तो पुन्हा मिटला. हे साऱ्या देवळात एकट्या मल्हारनं पाहिलं. ढेकूण कुणाच्या घरचे, हे विचारायचं नंतर कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्हारच्या टॅक्सीच्या टपावर दोन खाटा बांधून आल्या. या वेळी वेशीवरून परत न जाता त्या थेट दारात उतरल्या. गावात त्याआधीच तीन घरी खाटा पोचल्या होत्या, आणि पहिली आण्णांच्या घरात. मनुबाई तिच्यावर बसून भाजी निवडत होती आणि आण्णा खाली बसून सोललेला लसूण वर देत होते.

सोनियानं खाटांवर अंथरुणं घातली. हरणाबाई काठी टेकत आली, खाटेच्या कडेला बसली, पाय उचलून लांब केला आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की मल्हारचे डोळे भरून आले. सोनिया मात्र सवयीनं खाली वाकळ पसरायला लागली. हरणाबाईनं काठीनं दुसऱ्या खाटेवर टकटक केलं. सोनिया लाजत लाजत चढली आणि पडली. इतक्या दिवसांची जागरणं, पाठ टेकली तोच तिचा डोळा लागला, तोंड उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबता.

मल्हार दोन खाटांच्या मधे भुईवर बसला. त्याला राहवेना.

"आई, तू जागी हुतीस."

हरणाबाई वर आढ्याकडं बघत राहिली.

"तुला ढेकनांचं बी ठावं हुतं. आपल्या घरातली हुती म्हून तू लालासाहेबास्नी बोलू दिलं न्हाईस."

"ठावं असायला काय झालं?" ती शांतपणे म्हणाली. "म्याच ठिवली हुती."

"आँ?"

"खाटांवर उकळतं पानी वतायचं काम माझं. मामांची, तुझ्या आज्याची खाट, दिरांच्या खाटा, तुझ्या बाची खाट, समद्यांवर वतलं. पाव्हन्याच्या खाटंवर वतलं न्हाई." तिनं लुगड्याचा पदर नीट केला. "घरात तवा समदं गडी खाटंवर निजायचं. म्या दाराशी, पोत्यावर. पौषाची थंडी, तुझी अक्का पोटात. दाराखालनं वारं असं यायचं. येकदा म्हनलं, मला बी येक खाट द्या. मामा म्हनलं, बाईमानूस खाटंवर? असं कंच्या पोथीत लिवलंय?"

मल्हारची नजर दाराकडं गेली.

"मग पोथी लिवनारा आला. मामा अन् तवाचं पंच कुजबुजत हुतं, ह्यो जे लिवंल त्ये गावानं पाळायचं. म्हनलं, बघूया तर काय लिवतोय." ती थोडी हसली. "खाट मिळाली न्हाई. पन होळीनंतर मामा, दीर, तुझा बा, समदी खाली आली. माझ्या शेजारी. तवा त्यास्नी कळलं, दाराखालनं वारं येतंय. दुसऱ्याच दिवशी फळी मारली दाराला."

"मग पाय मोडायची येळ आली तरी बोलली का न्हाईस? म्या तुला येकटीला कवाच खाट आनली असती की!"

"व्हय. मला येकटीला," हरणाबाई म्हणाली. "अन् हिला म्हनला असतास, फुडच्या वर्षी बघू."

तो तसंच म्हणाला असता. खरं तर मिरजेहून येताना त्यानं मनात एकाच खाटेचा हिशेब केला होता. त्यानं सोनियाकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून ती दुपारची झोपलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

"म्हंजे नववा अध्याय तुझाच म्हन की," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चढला. "अन् कालची ओवी? ती तरी खरं सांग. तुझी का द्येवाची?"

"शूऽऽ," हरणाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि सुनेच्या खाटेकडं मान केली. "हळू बोल. निजलीया ती."

मल्हारनं मान डोलावली. त्यानं भुईवर अंग टाकलं आणि मग, देवळात बोलतात तसं अगदी कुजबुजत, आईला विचारलं, "उशी देऊ का गं तुला आनखी येक?"